‘आठवड्याला दोन किलो’वाल्या त्या मेसेजबद्दल

काल मावशीने तिचं वजनाचं कार्ड माझ्यापुढे टाकलं. पहिल्या आठवड्यात 1.9 किलो कमी, दुसऱ्यात 0.8, तिसऱ्यात 0.5, चौथ्यात 0.3. पाचवा रकाना कोरा, कारण पाचव्या आठवड्यात ती वजन कमी करायच्या गटाच्या बैठकीला गेलीच नाही. “अगं, बोगस आहे ते सगळं, हे वाच,” म्हणत तिने फोन पुढे केला. तोच मेसेज! माझ्याकडे तीनदा आला होता आणि तिन्ही वेळा मी न वाचता उडवला होता. या वेळी वाचला. म्हणे, खऱ्या कार्यक्रमात दर आठवड्याला दोन किलो उतरतातच. गटात सगळ्यांसमोर वजन करून लाजवतात. गट सोडला की सगळं वजन परत येतं. आणि तीन महिन्यांचं काम वर्षभर ताणतात ते पैशांसाठी.

दोन किलोंचं आधी, कारण त्यानेच मावशीला घरी बसवलं. पहिल्या आठवड्यात जे भसकन उतरतं, त्यात चरबी थोडी आणि पाणी जास्त. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीराने राखून ठेवलेल्या साखरेचा साठा असतो आणि त्याच्या एका ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी. खाणं कमी केलं की आधी हा साठा रिता होतो, त्यासोबत पाणी जातं, काटा खूश करतो. मग चरबीची पाळी येते आणि ती आपल्या चालीनेच जाते. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. आठवड्याला दोन किलो घालवायची तर रोज 2,200 कॅलरींची तूट हवी. अनेक बायकांचा दिवसभराचा खर्चसुद्धा तेवढा नसतो. म्हणजे काहीच खायचं नाही आणि वर पळायचं!

नीट चालवलेल्या कार्यक्रमात म्हणूनच आठवड्याला अर्धा ते एक किलोचं उद्दिष्ट देतात. मावशीचे 0.3 त्याहून कमी आहेत, मान्य. पण त्यावर बोलायलाच तर बैठक असते. नोंदवही उघडायची, कुठे घसरलं ते बघायचं, तसंच घसरलेल्या दुसऱ्या कुणी काय केलं ते ऐकायचं. तिने नेमकी तीच बैठक चुकवली. वर चौथ्या आठवड्यात आकडा बरा दिसावा म्हणून आदल्या संध्याकाळपासून पाणी प्यायली नव्हती, हे मला काल कळलं. तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे. मेसेज लिहिणाऱ्याचं काय जातंय!

लाजवण्याबद्दल मावशीलाच विचारलं. काटा पडद्याआड असतो, आकडा तिला आणि कार्ड भरणाऱ्या बाईंना दिसतो. संपला मुद्दा.

वजन परत येतं यात तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करते. पण “सगळं”? 2017 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधल्या 1,267 जणांवरची चाचणी छापून आली. काहींना नुसती स्वतः वाचायची पुस्तिका, काहींना 12 आठवडे वेट वॉचर्स या वजन कमी करायचे गट चालवणाऱ्या कंपनीचा गट, काहींना तोच गट 52 आठवडे. कोणाच्या वाट्याला काय, हे नशिबावर सोडलेलं. वर्षाअखेरीस सरासरी घट अनुक्रमे 3.26, 4.75 आणि 6.76 किलो. दोन वर्षांनी तीच 2.30, 3.56 आणि 4.29. म्हणजे वर्षभर गटात बसलेल्यांचं जवळपास अडीच किलो परत आलं. चारहून जास्त गेलं ते गेलंच. पुस्तिकावाले दोन्ही वेळा मागे.

“वर्षभर ताणतात” याचं उत्तरही यातच आहे: वर्षाअखेरीस 12 आणि 52 आठवड्यांत दोन किलोंचा फरक. पैसे उकळणारे असतात, नाही असं नाही. बैठक संपता संपता पावडरीचे डबे बाहेर निघायला लागले, तर सरळ चपला घालाव्यात. मावशीच्या गटात डबे नाहीत. फी आहे, आणि बाईसाहेब ती वर्षाची आधीच भरून बसल्या आहेत.