खुलासा : सेवा वाटून घेणं म्हणजे विलीनीकरण नव्हे

‘गाव आणि शाळा-जिल्ह्याने सेवा एकत्र केल्या की शाळा विलीन होतात आणि मालमत्ता कर त्याच वर्षी उतरतो,’ असा न्यूयॉर्क राज्याबद्दलचा मजकूर फिरतो आहे. (शाळा-जिल्हा म्हणजे तिथे सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था.) त्यातली दोन्ही विधानं चुकीची आहेत.

तिथे नगरपालिका आणि शाळा-जिल्हा आपसांत करार करू शकतात, पण दोघांनाही स्वतंत्रपणे करता येतं तेवढंच काम एकत्र करता येतं. दोघांच्याही कारभारी मंडळाने एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताने ठराव करावा लागतो, फक्त हजर सदस्यांच्या नव्हे. मंडळं, अंदाजपत्रकं, कर सगळं वेगळंच राहतं. विलीनीकरणाला मतदारांचा कौल लागतो.

शाळांसाठी 1948 पासून ‘बोसीज’ (BOCES) ही शाळा-जिल्ह्यांना सामायिक सेवा पुरवणारी सहकारी व्यवस्था आहे, राज्यात अशा 37. तिला कर लावण्याचा अधिकार नाही. सेवेचं बिल वापरानुसार येतं, मात्र प्रशासकीय खर्चाचा वाटा सेवा घेतली नाही तरी भरावा लागतो. राज्याचं अनुदान पुढच्या वर्षी मिळतं, म्हणून पहिल्या वर्षी रोख उलट जास्त लागते. नेमकं हेच त्या मजकुरात गाळलं आहे.

बचत फसते ती बहुधा हिशेबात. समजा, बसदुरुस्तीचं गॅरेज सामायिक केलं. मेकॅनिकचे तास, सुटे भाग, डिझेल, विमा यांची गाडीनिहाय नोंद हवी. दोघांनीही आपापला मेकॅनिक कायम ठेवला, तर वाचणार काय? आणि कामगार संघटनेशी आधी वाटाघाटी न करता काम दुसरीकडे हलवलं, तर टेलर कायद्याखाली (राज्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि वाटाघाटींचा कायदा) तक्रार दाखल होऊ शकते.