घशाच्या कॅन्सरचा तो फॉरवर्ड: चार दावे आणि माझं म्हणणं

गेल्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर एकच मेसेज आला, तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरबद्दल. त्याचं म्हणणं असं की तंबाखू नाही तर हा कॅन्सर नाही, तपासणीसाठी सुई लावली की तो पसरतो, पन्नास वर्षांत उपचार काडीचाही बदललेला नाही, आणि आता इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं) आलीये मग ऑपरेशन कशाला. खाली नेहमीचं "डॉक्टर हे सांगणार नाहीत". बरं, मग आपणच बघू.

पहिलं, तंबाखू. हे अर्धं खरं आहे म्हणूनच जास्त फसवं. तोंडाच्या आणि स्वरयंत्राच्या कॅन्सरमागे मुख्य हात तंबाखू आणि दारूचाच, आणि दोन्ही एकत्र आली की धोका नुसता बेरजेने वाढत नाही. पण टॉन्सिल आणि जिभेचं मूळ, म्हणजे आरशात धड दिसतच नाही तो भाग, तिथला कॅन्सर एचपीव्ही व्हायरसमुळेही होतो, बहुतेक वेळा त्याच्या १६ नंबरच्या प्रकारामुळे, आणि त्यातल्या कितीतरी जणांनी आयुष्यात सिगरेट ओढलेली नसते. त्यातल्या त्यात बरं एवढंच की हा प्रकार उपचारांना चांगली दाद देतो. २०१० च्या एका अभ्यासात घशाच्या याच भागाचा वाढलेला कॅन्सर असलेल्यांपैकी तीन वर्षांनी एचपीव्हीवाले ८२ टक्के जिवंत होते, बिनएचपीव्हीवाले ५७. त्यामुळे "मला व्यसन नाही" म्हणून मानेतली गाठ महिनोन्महिने अंगावर काढू नका.

सुईचं ऐकलं की माझं डोकंच फिरतं. बारीक सुईने चार पेशी काढून तपासल्या म्हणून कॅन्सर पसरला असं होणं अतिशय दुर्मिळ आहे, आणि तपासणीच टाळली तर तो पसरणार हे मात्र नक्की. लोक बघतात काय, तर बायोप्सी झाली आणि महिन्या-दोन महिन्यांत तब्येत ढासळली, पण अहो आजार आधीपासून वाढतच होता म्हणून तर बायोप्सी केली ना! यात खऱ्याचा एक कण आहे: मानेतली गाठ, घसा न बघताच, थेट कापून काढू नये असं सर्जनही सांगतात. म्हणूनच आधी दुर्बिणीने घसा बघतात आणि सुई लावतात.

"काहीच बदललं नाही" म्हणणाऱ्याला १९९१ चा अभ्यास दाखवायला हवा. तोवर स्वरयंत्राचा कॅन्सर वाढलेला असला की ते अख्खं काढायचे, आवाज कायमचा गेला. अमेरिकेत ३३२ माजी सैनिकांपैकी अर्ध्यांना थेट ऑपरेशनऐवजी आधी किमो मग रेडिएशन दिलं, दोन वर्षांनी दोन्ही गटांत सारखेच, ६८ टक्के, जिवंत होते, आणि किमो-रेडिएशनच्या गटात ६४ टक्क्यांचं स्वरयंत्र शाबूत राहिलं. रेडिएशनही ते जुनं राहिलं नाही, लाळेच्या ग्रंथी वाचवत किरण देणारं आयएमआरटी आलं, २०११ च्या ब्रिटिश अभ्यासात वर्षभराने तोंड बऱ्यापैकी कोरडं राहिलेले ७४ टक्क्यांवरून ३८ वर आले. ऐकायला किरकोळ वाटतं, पण लाळ नसेल तर साधा घाससुद्धा गिळवत नाही. पण दरवेळी कमी कापणं म्हणजेच प्रगती असंही नाही हं. मुंबईच्या टाटा मेमोरियलने २०१५ ला दाखवलं की तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला तरी मानेतल्या लसीकागाठी (लिम्फ नोड) त्याच ऑपरेशनमध्ये काढाव्यात, तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत, आणि गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत साडेसदुसष्ट.

राहता राहिली इम्युनोथेरपी. औषध खरंच कामाचं आहे, पण जादू नाही. किमोनंतरही वाढलेल्या किंवा उलटलेल्या आजारात निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधावर वर्षभराने ३६ टक्के जिवंत होते, जुन्या औषधांवर १७ (हा २०१६ चा अभ्यास), पण गाठ ठळक लहान झाली ती शंभरात फक्त १३ जणांची. ऑपरेशन करता येण्याजोग्या वाढलेल्या आजारात पेम्ब्रोलिझुमॅब हे असंच दुसरं औषध दिल्यावर आजार न उलटता गेलेला काळ साधारण ३० महिन्यांवरून ५२ वर गेला, हे २०२५ चं, आणि मेसेज लिहिणाऱ्याने हेच कुठेतरी अर्धवट वाचलं असावं. कारण त्यात औषध ऑपरेशनच्या आधी दोन डोस आणि नंतर पुन्हा असं दिलं होतं. मधलं ऑपरेशन कुणी रद्द केलेलं नव्हतं.