सकाळी सव्वादहाचा मराठी सिनेमा

पुन्हा तेच! शुक्रवारी मराठी सिनेमा लागला. घरापासून पोहोचता येईल अशा मल्टिप्लेक्समध्ये रोज एकच शो, तोही सकाळी सव्वादहाला. नोकरी करणाऱ्या माणसाने कधी बघायचा? आईला घेऊन रविवारी जायचं ठरवलं, तिकिटं काढली, तर आदल्या रात्री मेसेज: शो रद्द, पैसे परत मिळतील. आई नेसायची साडी काढून बसली होती हो!

मंगळवारपर्यंत सिनेमा उतरलाही. वर ऐकवणार, मराठी प्रेक्षक थिएटरात येतच नाही. यायला शो तर ठेवा!

2015 च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी सिनेमा दाखवायला सांगितलं. आधी संध्याकाळी सहा ते नऊ म्हणाले, मग मालकांनी कुरकुर केल्यावर तेच दुपारी बारा ते रात्री नऊ झालं. म्हणजे भर दुपारी साडेबाराचा शोसुद्धा प्राइम टाइम! प्रत्येक मोठ्या हिंदी सिनेमाच्या वेळी शो मिळत नाहीत म्हणून मराठी निर्माते पत्रकार परिषद घेतात, नेते इशारे देतात, दोन दिवस बातम्या येतात. पुढच्या शुक्रवारी पुन्हा सव्वादहा.

दादासाहेब फाळक्यांचा पहिला चित्रपट 1913 साली याच मुंबईत, गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. त्याच शहरात मला संध्याकाळी सातचा एक मराठी शो मिळू नये? दोन तिकिटं हवीत, आईसाठी कोपऱ्यातली सीट. पैसे पूर्ण देतोय.