दोन ठोकळे आणि एक पावती

आमच्या नाशिकमध्ये लाकडाला तोटा नाही. पेठ-सुरगाण्याकडे सागाची जंगले आहेत, आणि जुन्या नाशकातला एखादा वाडा उतरवला की त्याच्या तुळया वखारीत येऊन पडतात. अशा गावातल्या माणसाने आफ्रिकेतून लाकूड वाहून आणणे म्हणजे गोदाकाठी राहून बाटलीतले पाणी विकत घेण्यासारखे आहे, असे आमच्या सौभाग्यवतींनी निघण्यापूर्वीच सांगून ठेवले होते. परंतु अंबडच्या एका कारखान्यात ३१ वर्षे लेथवर लोखंड कातल्यानंतर मी निवृत्तीत मागच्या पडवीत एक छोटा लेथ बसवला, त्यावर लाटणी आणि भोवरे कातू लागलो, आणि तेव्हापासून म्पिंगो या नावाने मला झपाटले होते.

म्पिंगो हे टांझानियातले काळे लाकूड. क्लॅरिनेट, ओबो आणि बॅगपाइप ही वाद्ये त्याची करतात. झाड पुरते वाढायला सत्तर ते शंभर वर्षे घेते आणि तरीही सरळ वाढत नाही, त्यामुळे हातभर निर्दोष तुकडा मिळणे कठीण. मुलगा दार-ए-सलामला नोकरीला असल्यामुळे आम्ही तीन आठवडे तिकडे गेलो होतो. इतर लोक तिथून समुद्राचे फोटो आणतात. मी म्वेंगेच्या कोरीवकाम करणाऱ्यांच्या बाजारात चार दुपारी घालवल्या आणि दोन ठोकळे घेतले. प्रत्येक ठोकळा ७ सेंटिमीटर चौरस, ३० सेंटिमीटर लांब आणि वजनाला पावणेदोन किलोच्या वर होता. तडकू नयेत म्हणून दोन्ही टोके मेणात बुडवलेली होती, गाभा जांभळट काळा होता, आणि एका ठोकळ्याच्या कडेला पिवळसर पांढऱ्या लाकडाची किनार व तिला चिकटून सालीची बोटभर पट्टी होती. त्या पट्टीचे सौंदर्य पाहून मी त्या ठोकळ्याला जास्त पैसे मोजले. बोटाच्या पेराने ठोकला तर तो चक्क वाजत असे. रात्री मुलाच्या न्हाणीघरात बादली भरून मी ठोकळा पाण्यात सोडला, तेव्हा तो दगडासारखा तळाशी गेला आणि मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

तयारीत मी हयगय केली असे कोणी म्हणू शकणार नाही. प्रवाशाला त्या वेळी ५०,००० रुपयांपर्यंतचा माल विनाशुल्क आणता येत असे, हे मी वाचून ठेवले होते. शिलिंगाचे रुपये करून, दुकानदाराची सही घेऊन, बिलाच्या तीन प्रती मी तीन खिशांत ठेवल्या. पुढे घडलेल्या सगळ्या प्रकारात लाकडाची किंमत मला कोणीही, एकदाही विचारली नाही.

मुंबईला उतरलो. आमची बॅग पट्ट्यावरून आली ती अंगावर खडूची फुली घेऊनच. क्ष-किरणांच्या पडद्यावर सेंद्रिय वस्तू नारिंगी दिसतात. माझ्या धोतरात गुंडाळलेले ठोकळे तिथे दोन गडद नारिंगी विटांसारखे दिसत होते, आणि अशा घट्ट विटा पाहिल्यावर कोणाच्याही मनात लाटण्याचा विचार येणार नाही, हे मला मान्य आहे.

"काका, हे काय आहे?" तरुण अधिकाऱ्याने नम्रपणे विचारले.

"लाकूड."

"कशाचं?"

इथे गप्प बसणे शक्य होते. परंतु इतक्या वर्षांत कोणी माझ्या लाकडाची जात विचारली नव्हती. मी खाकरून म्पिंगोचे शास्त्रीय नाव सांगितले, "डल्बर्जिया मेलॅनोझायलॉन." अधिकाऱ्याचे पेन थांबले. त्याने मला स्पेलिंग विचारले. मी आनंदाने सांगितले.

त्यानंतर जे ज्ञान मिळाले ते मी निघण्यापूर्वी मिळवायला हवे होते. दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा साइट्स करार १९७५ पासून लागू आहे, भारत त्यात १९७६ मध्ये सामील झाला, आणि २ जानेवारी २०१७ पासून डल्बर्जिया वंशातली जवळजवळ सगळी झाडे त्याच्या यादीत आहेत. म्हणजे ठोकळ्यांसोबत टांझानियाच्या सरकारचा निर्यात परवाना हवा होता. शिवाय २००३ च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशानुसार, लाकडात कीड नाही असा तिथल्या सरकारचा दाखला हवा होता. साल दिसताच दुसऱ्या अधिकाऱ्याने ठोकळा दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला, कारण अनेक भुंगेरे अंडी घालतात ती सालीखाली. ज्या पट्टीसाठी मी जादा पैसे दिले होते, तिच्याकडे तो पायरीवरच्या मेलेल्या उंदराकडे पाहावे तसा पाहत होता.

"वाद्य असतं तर?" मी विचारले. २०१९ मध्ये तयार वाद्यांना यादीतून सूट मिळाल्याचे उत्तर आले. म्हणजे याच लाकडाची क्लॅरिनेट असती तर तिच्यासाठी हा परवाना लागला नसता. मला पिपाणीसुद्धा वाजवता येत नाही.

"या वंशातलं आपल्याकडे काही असतं का हो?" सौभाग्यवतींनी मध्येच विचारले.

"शिसव, काकू. आपलं शिसवी फर्निचर याच कुळातलं."

त्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्या आजीचा शिसवी पाट गेली चाळीस वर्षे आमच्या देवघरात आहे, आणि त्यावर लेथ चालवू का असे मी एकदा विचारले होते.

ठोकळे ठेवून घेऊन मला पावती देण्यात आली: "लाकडी ओंडके, नग २." ओंडके या शब्दाला मी हरकत घेतली. "अहो, चला आता," हे वाक्य तेवढ्यात तीनदा ऐकू आले.

कसारा घाट चढेपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही. इगतपुरी मागे पडल्यावर "बॅग किती हलकी झाली!" एवढे एक वाक्य झाले. कागदांसाठी मुलाने पुढे म्वेंगेला दोन खेपा घातल्या, परंतु विक्रेता हसून दर वेळी आणखी दोन ठोकळे दाखवत असे. कागद आणून देण्याची मुदत गेली.

पावती मी भिंतीवर लावली आहे. चौकट मीच केली, वखारीतून आणलेल्या एका तुळईच्या सागाची. घरी येणारा माणूस आधी चौकटीवरून हात फिरवतो आणि विचारतो, "बाहेरचं लाकूड दिसतंय?"