रायसीना टेकडीवरचं ‘पक्कं’ नाव

‘आतली बातमी. 2027 च्या राष्ट्रपतिपदाचं नाव पक्कं झालंय, फक्त घोषणा बाकी.’ हा मजकूर गेल्या काही महिन्यांत मला तीन ग्रुपवरून आला आणि तिन्ही वेळा ‘पक्कं’ नाव वेगळं होतं. ती नावं इथे देत नाही, कारण त्या माणसांचा यात काही दोष नाही. पण मजकुराखाली जोडलेली कारणं तिन्हीकडे सारखीच होती. आधी ज्याची चर्चा होते तोच राष्ट्रपती होतो. उपराष्ट्रपतीला बढती हा पायंडाच आहे. महाराष्ट्राची 288 मतं निर्णायक असल्यामुळे या वेळी पाळी मराठी माणसाची. आकडे तर आजच जुळलेले आहेत. आणि संबंधितांनी होकारही कळवला आहे. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तसला हा प्रकार. तरी मजकूर फार फिरतोय, म्हणून त्यातली कारणं एकदा तपासून बघू.

आधी ‘पक्कं’ हा शब्द. द्रौपदी मुर्मू यांनी 25 जुलै 2022 ला शपथ घेतली, म्हणजे मुदत 2027 च्या जुलैत संपते आणि घटनेप्रमाणे निवडणूक त्याआधी उरकावी लागते. आता मागच्या पाच वेळा सत्ताधाऱ्यांनी नाव कधी जाहीर केलं ते बघा. अब्दुल कलाम, 10 जून 2002. प्रतिभा पाटील, 14 जून 2007. प्रणब मुखर्जी, 15 जून 2012. रामनाथ कोविंद, 19 जून 2017. द्रौपदी मुर्मू, 21 जून 2022. सरकारं दोन वेगळ्या आघाड्यांची, पण नाव बाहेर आलं ते जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच.

याला कारण आहे, आणि माझ्या मते सगळ्या चर्चेत तेवढंच कामाचं आहे. राष्ट्रपतिपदाचा उमेदवार केवळ आपल्या माणसांची मतं मिळवण्यासाठी निवडत नाहीत, समोरच्या आघाडीची शिवण उसवण्यासाठी निवडतात. 2007 मध्ये काँग्रेसने प्रतिभाताईंचं नाव पुढे केलं आणि एनडीएत, म्हणजे भाजपच्या आघाडीत, असलेल्या शिवसेनेने भैरोसिंह शेखावतांना सोडून मराठी उमेदवाराला मतं दिली. 2012 ला प्रणबदांच्या वेळी शिवसेना पुन्हा तिकडे गेली, शिवाय नितीशकुमारांचा जदयुही गेला. 2017 ला कोविंद बिहारचे राज्यपाल होते. लालूंच्या पक्षाबरोबर सरकार चालवणाऱ्या नितीशकुमारांनी त्यांना पाठिंबा दिला आणि महिनाभरात ती आघाडीही मोडली. 2022 मध्ये मुर्मूंच्या नावामुळे ओडिशाचा बिजद (बिजू जनता दल) आला, आणि झारखंडमध्ये काँग्रेससोबत सत्तेत असलेल्या झारखंड मुक्ती मोर्चालाही आदिवासी उमेदवाराविरुद्ध मत देणं परवडलं नाही. समोरच्याच्या कापडात कुठली शिवण कच्ची आहे, हे वर्षभर आधी कुणालाच कळत नाही. कळलं तरी नाव आधी फोडून समोरच्याला टाके घालायला वेळ कोण देईल?

‘आधी ज्याची चर्चा, तोच राष्ट्रपती’ या दाव्याला इतिहासाची साथ फारशी नाही. 2002 मध्ये वाजपेयींच्या गोटातून आधी पुढे आले ते आपले तेव्हाचे राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर. काँग्रेसने नको म्हटलं. मग उपराष्ट्रपती कृष्णकांत यांचं नाव जवळजवळ झालंच, अशी हवा होती. झाले कलाम. 2007 ला लातूरचे शिवराज पाटील आघाडीवर होते, सोलापूरच्या सुशीलकुमार शिंद्यांचंही नाव चालत होतं. शिवराजजींना डाव्यांनी विरोध केला. आडनाव बरोबर निघालं, पाटील वेगळे निघाले! 2012 मध्ये ममता बॅनर्जी आणि मुलायमसिंह यांनी दिल्लीत एकत्र बसून कलाम, मनमोहन सिंग आणि सोमनाथ चटर्जी अशी तीन नावं जाहीर केली. दोनच दिवसांनी यूपीएने, म्हणजे काँग्रेसच्या आघाडीने, प्रणबदांचं चौथंच नाव दिलं आणि मुलायमसिंहही त्याच नावामागे गेले.

2017 ची यादी तर लग्नाच्या याद्यांसारखी लांबत गेली होती. अडवाणी, मुरली मनोहर जोशी, सुषमा स्वराज, चिपळूणच्या माहेरवाशीण सुमित्रा महाजन. शिवसेनेने तर मोहन भागवतांचं नाव सुचवून टाकलं, आणि भागवतांना नागपुरात जाहीरपणे नकार द्यावा लागला. निघाले कोविंद, जे बहुतेक याद्यांत नव्हते.

हो, त्या 2017 च्या यादीत एक नाव खरं होतं: द्रौपदी मुर्मू. फक्त पाच वर्षं आधी आलेलं. याला कुणी अचूक भाकीत म्हणत असेल तर म्हणो.

मग ही नावं येतात तरी कुठून? दिल्लीतले पत्रकार याला पुडी सोडणं म्हणतात. कधी एखाद्याचं नाव जळावं म्हणून पुडी सोडतात, कधी मित्रपक्ष काय म्हणतो ते चाचपायला, तर कधी ज्येष्ठ नेत्याचा मान राखल्यासारखं दिसावं म्हणून. आणि काही पुड्या गुडघ्याला बाशिंग बांधलेले स्वतःच सोडतात. त्यामुळे अशा चर्चेतून सौदा कोण करतंय ते बऱ्यापैकी कळतं. राष्ट्रपती कोण होणार, ते नाही.

उपराष्ट्रपतीच्या बढतीचा पायंडा एके काळी होता, हे कबूल. राधाकृष्णन, झाकिर हुसेन, गिरी, वेंकटरामन, शंकर दयाळ शर्मा आणि के. आर. नारायणन असे सहा जण त्या वाटेने गेले. पण नारायणन 1997 चे. त्यानंतर एकही नाही. कृष्णकांत राहिले, शेखावत उपराष्ट्रपती असताना लढले आणि हरले, हमीद अन्सारी आणि वेंकय्या नायडू चर्चेपुरते उरले, आणि जगदीप धनखड तर 2025 च्या जुलैत मध्येच राजीनामा देऊन गेले. आताचे सी. पी. राधाकृष्णन थेट मुंबईच्या राजभवनातून तिकडे गेले, म्हणून आपल्याकडे या दाव्याला जरा जास्त धार आली आहे, एवढंच. खरं तर अलीकडे पायंडा शोधायचाच तर तो राजभवनाचा आहे. प्रतिभा पाटील, कोविंद आणि मुर्मू तिघेही आधी राज्यपाल होते. पण आजी-माजी राज्यपालांची यादी केली तर एक बस भरेल, त्यातून कुणाला उचलणार?

आता आपल्या आवडीचा मुद्दा: ‘महाराष्ट्राची 288 मतं, म्हणून पाळी मराठी माणसाची.’ राष्ट्रपती निवडतात ते खासदार आणि आमदार, पण मुळात ती 288 मतं नाहीत. राज्याची 1971 ची लोकसंख्या (हो, अजूनही 1971 चीच) भागिले आमदारांची संख्या, भागिले हजार, असं प्रत्येक आमदाराच्या मताचं मूल्य निघतं. आपल्याकडे 5 कोटी 4 लाखांना 288 ने आणि मग हजाराने भागलं की 175 येतात. म्हणजे विधानसभेचं वजन 50,400. उत्तर प्रदेशात एका आमदाराचं मूल्य 208, एकूण 83,824. गोव्याचा आमदार 20 चा, सगळे चाळीस मिळून 800. खासदाराच्या मताचं मूल्य 2022 मध्ये 700 होतं, म्हणजे आपले लोकसभा-राज्यसभेचे 67 खासदार धरून आणखी 46,900. सगळं मिळून 97,300 होतात, आणि 2022 ला एकूण मूल्य 10,86,431 होतं. साधारण नऊ टक्के. दखल घ्यावी एवढी आहेत, पण निर्णायक म्हणावं एवढी नाहीत.

आणि वजनावर पाळी लागत असती तर उत्तर प्रदेशाला 2017 पर्यंत थांबावं लागलं नसतं. त्या राज्यात जन्मलेला पहिला राष्ट्रपती म्हणजे कोविंद. तोवर महाराष्ट्राच्या प्रतिभाताई पाच वर्षं राष्ट्रपती भवनात राहूनही आल्या होत्या. राज्याराज्यांत पाळी लावण्याची सोय घटनेत कुठेच नाही.

‘आकडे आजच जुळलेत’ म्हणणाऱ्यांनी 2022 चा आपलाच जून आठवावा. 9 तारखेला निवडणूक आयोगाने वेळापत्रक जाहीर केलं तेव्हा महाराष्ट्रात महाविकास आघाडीचं सरकार होतं. 21 तारखेला मुर्मूंचं नाव जाहीर झालं, त्याच दिवशी एकनाथ शिंदे आमदारांसह सुरतेत होते. 30 तारखेला ते मुख्यमंत्री झाले. 12 जुलैला उद्धव ठाकऱ्यांनीही मुर्मूंनाच पाठिंबा जाहीर केला आणि 18 ला मतदान झालं. सहा आठवड्यांत 50,400 मतांचा नकाशा दोनदा बदलला. आता तर उत्तर प्रदेश, पंजाब, उत्तराखंड, गोवा आणि मणिपूर या विधानसभांच्या मुदती 2027 च्या पूर्वार्धातच संपतात. म्हणजे जे आमदार जुलैत मतदान करणार, त्यांच्यातले शेकडो अजून निवडूनच यायचे आहेत.

शिवाय या निवडणुकीत मतदान गुप्त असतं, मतपत्रिकेवर उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा असतो आणि पक्षाचा व्हिप (आदेश) चालत नाही. नाव खरोखर पक्कं असूनही काय होऊ शकतं, ते 1969 ने दाखवलं. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, त्यांच्या अर्जावर सूचक म्हणून खुद्द इंदिरा गांधींची सही. मग त्यांनीच सदसद्विवेकबुद्धीने मत द्या असं सांगितलं आणि अपक्ष व्ही. व्ही. गिरी जिंकले, तेही दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावर, 4,20,077 विरुद्ध 4,05,427. त्या दुसऱ्या पसंतीची वेळ आली, कारण तिसऱ्या उमेदवाराने 1,12,769 मतं घेतली होती. ते तिसरे आपले चिंतामणराव देशमुख. नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे. मराठी माणसाची पाळी शोधणाऱ्या मजकुरात त्यांचा उल्लेख एकदाही आला नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

राहिला ‘होकार’. 2022 ला विरोधकांनी शरद पवारांना गळ घातली, त्यांनी नाही म्हटलं. मग फारुख अब्दुल्ला, तेही नाही. मग गोपाळकृष्ण गांधी, त्यांचाही नकार. चौथे यशवंत सिन्हा उभे राहिले आणि 3,80,177 मतं घेऊन हरले. पवारांना हा निकाल आधीच दिसला असणार, आकडेमोडीत त्यांचा हात धरणारा कमीच. होकार नोंदवायची जागा एकच आहे: उमेदवारी अर्ज. त्यावर 50 मतदार सूचक म्हणून आणि 50 अनुमोदक म्हणून सह्या करतात, सोबत 15 हजार रुपये अनामत भरावी लागते. 1977 मध्ये 37 जणांनी अर्ज भरले होते. छाननीत 36 बाद झाले आणि रेड्डी, आठ वर्षांपूर्वी हरलेले तेच, बिनविरोध राष्ट्रपती झाले.