‘क्लच वॉरंटीत बसतच नाही’: फिरत्या मेसेजचा समाचार

गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. मजकूर साधारण असा: ‘टर्बो गाडीचा क्लच गेला तर शोरूमची पायरी चढू नका. क्लच हा झिजणारा भाग, वॉरंटीत कधीच बसत नाही. बाहेर नुसती प्लेट बदला, फ्लायव्हील लेथवर घासून घ्या, जमलं तर डबल मास काढून सॉलिड टाका. रिमॅप केला असेल तर सर्व्हिसला जाण्याआधी स्टॉक फाइल टाका, कंपनीला पत्ता लागत नाही. आणि एकदा बाहेर हात लागला की वॉरंटी तशीही गेलीच.’ (डबल मास म्हणजे मधे स्प्रिंगा असलेलं दोन तबकड्यांचं फ्लायव्हील, सॉलिड म्हणजे एकसंध. रिमॅप म्हणजे ताकद वाढवायला बदललेलं इंजिनचं सॉफ्टवेअर, स्टॉक फाइल म्हणजे कंपनीचं मूळ.)

यातलं पहिलं विधान अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्याच्या जोरावर बाकीचं सगळं खपून जातं. म्हणून सुरुवात तिथूनच.

‘क्लच वॉरंटीत कधीच बसत नाही.’

वॉरंटीच्या पुस्तिकेत वगळलेली असते ती झीज. आता गिअरबॉक्स उतरवला की ‘क्लच’ नावाची एकच वस्तू हातात येत नाही. क्लच प्लेट असते, प्रेशर प्लेट असते, रिलीज बेअरिंग असतं. बऱ्याच नव्या गाड्यांत त्या बेअरिंगला जोडूनच, पेडलचा दाब द्रवाने पोचवणारा हायड्रॉलिक स्लेव्ह सिलिंडर असतो. त्यामागे फ्लायव्हील, म्हणजे क्रँकला (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला) जोडलेलं जड चाक, आणि फ्लायव्हीलच्या मागे क्रँकचं ऑइल सील. या सगळ्यात घासून संपण्यासाठी बनवलेली गोष्ट एकच: प्लेटवरचं लायनिंग, म्हणजे घर्षणाचा थर. प्लेटच्या मधली डँपर स्प्रिंग तुटली, प्रेशर प्लेटच्या डायफ्रामचं (दाब देणाऱ्या गोल स्प्रिंगचं) बोट तडकलं, स्लेव्ह सिलिंडर गळू लागला, डबल मास फ्लायव्हीलमधलं ग्रीस बाहेर आलं, तर ती झीज नव्हे. तो दोष आहे, आणि वॉरंटीच्या काळात त्याचा दावा करता येतो.

सगळ्यात जास्त हुकणारा दावा तेलाचा. प्लेटवर लायनिंग भरपूर शिल्लक आहे आणि तरी क्लच घसरतो, तर आधी बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) आतून बोट फिरवून बघायचं. काळपट, जळकट वासाचं तेल असेल तर ते इंजिनचं, म्हणजे क्रँकचं मागचं सील गळतंय. गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअर ऑइल, म्हणजे इनपुट शाफ्टचं (क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचं) सील. पातळ, रंग सोलून काढणारं द्रव असेल तर ब्रेक फ्लुइड, म्हणजे स्लेव्ह सिलिंडर. तिन्ही बाबतींत मूळ दोष सीलचा किंवा सिलिंडरचा. प्लेट वाया गेली ती त्याचा परिणाम म्हणून. दावा तसाच लिहायचा: ‘सील गळाल्यामुळे क्लच प्लेटचं परिणामी नुकसान’. नुसतं ‘क्लच स्लिप होतो’ असं लिहून दिलंत की ॲडव्हायझर झिजेच्या रकान्यात टाकून मोकळा होतो.

गिअरबॉक्स उतरवण्याआधी काउंटरवर ‘क्लच कव्हर होत नाही’ असं कोणी म्हणालं तर त्याला एकच विचारावं: उघडून न बघता कारण कसं कळलं? जॉब कार्डवर हे वाक्य मागून घ्या: ‘गिअरबॉक्स उतरवून कारण तपासणे; दोष आढळल्यास मजुरीसह वॉरंटीत, झीज आढळल्यास ग्राहकाच्या खर्चाने.’ उतरवताना फोटो मागा: बेल हाउसिंगची आतली बाजू, प्लेटच्या दोन्ही बाजू, प्रेशर प्लेटचा घासणारा पृष्ठभाग, फ्लायव्हील जागेवर असतानाचा. सुटे भाग धुण्याआधीच. पुसलेल्या प्लेटवर पुरावा उरत नाही. वॉरंटीत बदललेला जुना भाग सहसा कंपनी ठेवून घेते. पैसे भरून बदललेला भाग मात्र तुमचा, तो परत मागा.

पण प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. लायनिंग चारही बाजूंनी सारखं घासून रिव्हेटपर्यंत आलंय, प्रेशर प्लेट निळी पडलीय, तिच्यावर केसासारख्या बारीक चिरा आहेत, आणि गाडी १५,००० किलोमीटर चाललीय, तर तो हाफ क्लचचा हिशेब आहे. खंडाळ्याच्या चढावर रविवारच्या गर्दीत ब्रेकऐवजी क्लचवर गाडी धरून ठेवली की हेच होतं. तिथे भांडून उपयोग नाही.

तक्रार घेऊन जाण्याआधी घरच्या घरी थोडं निदान करता येतं. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमला पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. काटा उडी मारून वर गेला आणि वेग तसा वाढला नाही तर क्लच घसरतोय. ही परीक्षा एकदाच करायची, दहादा केली तर उरलेली प्लेटही जळते. आवाजाचं म्हणाल तर पेडल दाबल्यावर सुरू होणारी घरघर रिलीज बेअरिंगची. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेलं असताना येणारी आणि दाबल्यावर थांबणारी बहुधा इनपुट शाफ्टच्या बेअरिंगची. इंजिन सुरू किंवा बंद होताना येणारी धडधड डबल मासकडे बोट दाखवते.

‘नुसती प्लेट बदला.’

खर्चातला मोठा वाटा गिअरबॉक्स उतरवून चढवण्याच्या मजुरीचा असतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ड्राइव्ह शाफ्ट सोडा, बहुतेक वेळा सबफ्रेम खाली घ्या, इंजिनाला वरून आधार द्या, मग गिअरबॉक्स निघतो. एवढा खटाटोप करून जुनं रिलीज बेअरिंग परत आत घालणं म्हणजे तोच खटाटोप पुन्हा ओढवून घेणं. जुन्या प्रेशर प्लेटचं डायफ्राम एकदा भाजून निघालं की त्याचा ताण कमी होतो. त्यात काही गाड्यांच्या प्रेशर प्लेटमध्ये झिजेप्रमाणे आपोआप जुळवून घेणारी रिंग असते. जुनी रिंग झिजलेल्या प्लेटच्या मापाला फिरलेली असते. तिच्यावर नवी, जाड प्लेट लावली की डायफ्रामची बोटं चुकीच्या जागी येतात. पेडल जड लागतं किंवा क्लच पूर्ण सुटत नाही, आणि मग ‘नवी प्लेट डुप्लिकेट निघाली’ असा बोभाटा होतो. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग एकत्र. बेअरिंगसोबत स्लेव्ह सिलिंडर असेल तर तोही.

‘फ्लायव्हील लेथवर घासून घ्या.’

जुन्या सॉलिड फ्लायव्हीलला हे चालतं, तेही कंपनीने दिलेल्या मर्यादेत. घासण्याचा पृष्ठभाग आणि प्रेशर प्लेट बसते ती कड यांच्यात पायरी असेल तर दोन्ही सारखेच कापायचे, नाहीतर दाब बदलतो.

डबल मासची गोष्ट निराळी. लुक कंपनीने १९८५ मध्ये हे फ्लायव्हील मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतलं. यात दोन तबकड्या असतात. एक क्रँकला बोल्टने घट्ट, दुसरी क्लचच्या बाजूला, आणि मधे ग्रीसमध्ये बुडालेल्या लांब वाकड्या स्प्रिंगा. टर्बो इंजिन कमी आरपीएमला जोर लावतं तेव्हा क्रँकचे हिसके या स्प्रिंगा गिळतात. अशा वस्तूवर लेथ चालवला की उष्णता आणि धातूचा कीस आतल्या सीलपर्यंत पोचतो. म्हणून डबल मास घासायचं नसतं. तपासायचं आणि नापास झालं तर बदलायचं.

तपासणी हाताने ‘हलतंय का’ बघून होत नाही, कारण ते थोडं हलणारच, त्यासाठीच बनवलंय. दोन मापं घ्यायची: दुसरी तबकडी पहिलीच्या तुलनेत किती अंश मोकळी फिरते, आणि डायल गेज लावून ती किती डुलते. मर्यादा पार्ट नंबरप्रमाणे बदलते, शेजारच्या गाडीची चालत नाही. रंगही वाचता यायला हवा. घासणाऱ्या पृष्ठभागावरच सोनेरी किंवा निळसर छटा दिसते म्हणून फ्लायव्हील मेलं असं नाही. रंग रिव्हेटांच्या भोवती किंवा बाहेरच्या कडेला पोचला असेल तर उष्णता आतवर गेली आहे, ते बदलायचं. चिरा दिसल्या किंवा ग्रीस भळभळून बाहेर आलं असेल तर विचारायलाच नको. किंचित तुपकटपणा मात्र चालतो. वॉरंटीच्या दाव्यात ही मापं आणि हे फोटो कामाला येतात. ‘आवाज येतो’ या दोन शब्दांवर कोणी फ्लायव्हील देत नाही.

‘डबल मास काढून सॉलिड टाका.’

ट्रॅकवर चालवायच्या गाडीला हलकं सॉलिड फ्लायव्हील शोभतं. इंजिन झटकन फिरतं, चालवणाऱ्याला आवाजाचं काही वाटत नाही. रोज ऑफिसला जाणाऱ्या, वॉरंटीतल्या गाडीला नाही. स्प्रिंगा काढल्या की हिसके थेट गिअरबॉक्समध्ये जातात. न्यूट्रलमध्ये डब्यात खडे वाजल्यासारखा आवाज येतो, आणि तो ताण बेअरिंगवर पडतो. फोक्सवॅगन समूहाच्या १.५ टीएसआयसारख्या इंजिनात हलक्या लोडवर दुसरा आणि तिसरा सिलिंडर बंद होतो. तेव्हा दोन सिलिंडरांचे हिसके आणखी खडबडीत होतात. असं इंजिन आणि सॉलिड फ्लायव्हील ही जोडी लावणाऱ्याने निदान मधे स्प्रिंगा असलेली प्लेट तरी घ्यावी. आणि उद्या गिअरबॉक्स वाजू लागला तर तो दावा नाकारण्याचं लेखी कारण तुम्हीच कंपनीच्या हातात दिलेलं असतं.

‘स्टॉक फाइल टाका, पत्ता लागत नाही.’

लागतो. बऱ्याच कंट्रोल युनिटांत किती वेळा फ्लॅश झालं, म्हणजे सॉफ्टवेअर नव्याने लिहिलं गेलं, याची नोंद राहते. जुनी फाइल परत टाकणं हाही एक फ्लॅशच. फोक्सवॅगन समूहात सॉफ्टवेअर जुळत नसेल तर गाडीच्या नोंदीवर ‘टीडी१’ असा शेरा बसतो आणि तो डीलरला दिसतो.

पण फसवणुकीपेक्षा गणित महत्त्वाचं. क्लच किती टॉर्क (फिरवणारा जोर) धरेल हे ढोबळपणे असं निघतं: घासणाऱ्या बाजू दोन, गुणिले घर्षणांक, गुणिले प्रेशर प्लेटचा दाब, गुणिले लायनिंगची सरासरी त्रिज्या. समजा घर्षणांक ०.३, दाब ६,००० न्यूटन, त्रिज्या ९५ मिलिमीटर. २ × ०.३ × ६,००० × ०.०९५ = ३४२ एनएम (न्यूटन-मीटर). २५० एनएमच्या इंजिनाला हे पुरून उरतं. आता रिमॅपने टॉर्क ३३० वर नेला तर शिल्लक राहते जेमतेम १२ एनएमची. लायनिंग तापून किंवा तेल लागून घर्षणांक ०.२ वर आला की क्षमता २२८ एनएम, म्हणजे स्टॉक इंजिनालाही अपुरी. घसरला की तापतो, तापला की आणखी घसरतो. त्यात रिमॅपचा जोर खालच्या आरपीएमला येतो. सहाव्या गिअरमध्ये १,८०० ला पूर्ण ॲक्सिलरेटर दाबणं हा क्लचवरचा सगळ्यात वाईट प्रसंग. रिमॅप हवाच असेल तर जास्त दाबाच्या प्रेशर प्लेटचा खर्च त्यातच धरावा, आणि तो वॉरंटीवर ढकलू नये.

‘बाहेर हात लागला की वॉरंटी गेलीच.’

हे डीलरही सांगतात आणि ग्रुपवरही ऐकू येतं. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीवरच्या बंधनांबद्दल. त्या आदेशात आयोगाने म्हटलं होतं की बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे झालेल्या नुकसानीपुरतीच ती नाकारावी. हा आदेश पुढे अपिलात लढवला गेला, तरी वाद घालताना मुद्दा हाच धरावा: नकार कशाबद्दल आणि कोणत्या कारणाने, ते लेखी द्या. लेखी मिळालं की १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पुढे ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तूसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे, मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं.

याचा अर्थ बाहेर क्लच करून घेतल्यावर गळणाऱ्या सीलचा दावा टिकेल असा मात्र नाही. तो टिकत नाही, कारण त्या सीलजवळ शेवटचा हात मेस्त्रीचा लागलेला असतो.

काम कुठेही करा, नव्या क्लचची वाट लागते ती बसवताना. फ्लायव्हीलचे बोल्ट ताणून आवळायचे असतात, एकदाच वापरायचे; फोक्सवॅगनच्या बऱ्याच इंजिनांत ६० एनएम आणि वर ९० अंश. नव्या फ्लायव्हीलवर गंजू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसायचा. स्प्लाइनवर (इनपुट शाफ्टवरच्या खाचांवर) ग्रीस वाटाण्याएवढं, प्लेट मागेपुढे सरकवून जास्तीचं पुसून टाकायचं. उरलेलं ग्रीस फिरताना लायनिंगवर उडतं. प्लेट मध्यावर आणायला अलाइनमेंट टूल, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे करत. गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन प्लेटच्या हबवर लटकू द्यायचं नाही. जॅक जरा खाली राहिला, दोन बोल्टांवर ‘ओढून घेतो’ म्हटलं, की प्लेट वाकते. मग पहिला गिअर टाकताना गाडी थरथरते आणि रिव्हर्स करकरतो. नवा स्लेव्ह सिलिंडर हाताने दाबून बघायची खोड असते, तीही टाळायची. आधाराशिवाय दाबला की त्याचं सील उलटतं. हवा काढून होईपर्यंत पेडलवर पाय नको. त्यानंतर पहिले ५०० किलोमीटर शहरातलं साधं चालवणं, म्हणजे लायनिंग नीट बसतं.