सिल्डेनाफिल सरसकट नको
'फुप्फुसातला दाब वाढला की सिल्डेनाफिल' (फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या रुंद करणारं औषध) हे लेखातलं वाक्य खटकलं. हृदयाची डावी बाजू नीट चालत नसल्यामुळे फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत चढलेल्या दाबात रक्त मागे तुंबलेलं असतं, वेज प्रेशर (डाव्या बाजूला किती दाब तुंबलाय ते सांगणारं माप) १५ मिमी पाऱ्याच्या वर. अशात फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या रुंद केल्या तर आधीच भरलेल्या डाव्या बाजूवर आणखी लोंढा येतो, फुप्फुसात पाणी होऊ शकतं. इकोवरचा (हृदयाच्या सोनोग्राफीवरचा) दाबाचा आकडा अंदाजच. नक्की कळतं ते कॅथेटरने, म्हणजे हृदयापर्यंत बारीक नळी घालून. अशा रुग्णात भर हवा लघवी वाढवणाऱ्या गोळीवर आणि मिठावर, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. (आपल्या सोलापुरात शेंगाचटणी, पापड, लोणच्यातच निम्मं संपतं!) रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी वजन करा, ३ दिवसांत २ किलो वाढलं तर लगेच डॉक्टरांना फोन. मे महिन्याच्या उन्हात मात्र उलटं होतं: घामाने वजन उतरतं, उठताना चक्कर येते. तेव्हा लघवीच्या गोळीचा डोस डॉक्टरांना विचारून कमी करायचा, मनाने बंद नाही.